खालच्या जबड्यातला अमेलोब्लास्टोमा: हलणारी दाढ उपटण्याआधी

तिरपी अक्कलदाढ (तोंड व जबडा शल्यचिकित्सा)

खालच्या दाढांच्या मागे ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, मोठी काळी पोकळी दिसते, दाढ हलते, रुग्णाला मात्र दुखत नाही. अशा वेळी सर्रास होणारी चूक म्हणजे हलते म्हणून ती दाढ काढून टाकणं. खोबणीतून पिवळसर पाणी येतं, आत क्युरेट (खरवडायची चमच्यासारखी सळई) फिरवून हाताला लागेल ते खरवडलं जातं, 'सिस्ट (पाण्याची पिशवी) होती, काढली' असं सांगून अँटिबायोटिक देऊन रुग्णाला घरी पाठवतात. निघालेला मांसल भाग कचऱ्याच्या पिशवीत जातो. पुढचे काही महिने सगळं बरं वाटतं, सूजही उतरते, कारण आतलं पाणी निघून गेलेलं असतं. गाठीच्या पेशी मात्र हाडाच्या जाळीत तशाच असतात, आणि आता त्यांना खोबणीतून हिरडीत यायला वाटही मिळालेली असते. रुग्ण परत येतो तेव्हा गाठ हाडाबाहेर उतरलेली असू शकते, आणि जे काम हाडापुरतं होतं त्यात आता हिरडी आणि गालाचा आतला भागही घ्यावा लागतो.

म्हणून हा धागा. बाकीच्या गाठी तुलनेपुरत्या येतील, मुख्य विषय अमेलोब्लास्टोमा.

दात घडवणाऱ्या पेशींचे जे अंश जबड्यात उरतात त्यातून ही गाठ होते. ती कॅन्सर नाही, पण हाड पोखरत हळूहळू पसरते. सुमारे ८० टक्के गाठी खालच्या जबड्यात, त्यातही बहुतेक दाढा आणि त्यांच्या मागचा उभा भाग, म्हणजे रॅमस, इथे सापडतात. बहुतेक रुग्ण वीस ते पन्नास या वयातले. तंबाखू-गुटख्याशी तिचा संबंध नाही. आपल्याकडे जबडा सुजला की घरचे आधी रुग्णाच्या खिशातली पुडी काढतात, त्यामुळे हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं. पुडी सोडायला लावायचीच, पण या गाठीचं कारण म्हणून नव्हे.

तपासताना एक बोट गालाच्या बाजूने आणि एक जिभेच्या बाजूने ठेवून हाड चिमटीत धरा. अमेलोब्लास्टोमात दोन्ही बाजू फुगतात, आणि जिभेकडचा फुगवटा बाहेरून दिसत नाही म्हणून राहून जातो. हाड फार पातळ झालं असेल तर बोटाखाली अंड्याचं कवच चुरचुरावं तसं लागतं. ते एकदाच बघा, पुन्हा पुन्हा दाबू नका. भागातल्या प्रत्येक दाताची थंड चाचणी करा. मुळाच्या टोकाशी होणाऱ्या सिस्टमध्ये दात मेलेला असतो, इथे बहुतेक वेळा जिवंत असतो. खालच्या ओठावर कापसाचा धागा फिरवून संवेदना दोन्ही बाजूंनी तुलना करून लिहून ठेवा. एवढी मोठी गाठ असूनही ओठ सहसा बधिर नसतो. संसर्ग नसताना ओठ बधिर असेल तर घातक गाठीची शंका आधी धरायची आणि मानेच्या गाठी नीट चाचपायच्या. तोंड किती मिलीमीटर उघडतं तेही नोंदवा, भूलतज्ज्ञ हाच आकडा पहिल्यांदा विचारतील.

---

राखाडी छटा (दंत-क्षकिरण)

चित्रांबद्दल लिहिते.

ओपीजी ही सुरुवात आहे, निदान नव्हे. तिच्यात जबड्याची जाडी दिसत नाही, आणि मधल्या दातांवर मणक्याची सावली पडते. 'साबणाचे फुगे' किंवा 'मधाचं पोळं' हे वर्णन सगळ्यांना पाठ असतं, पण तशा अनेक कप्प्यांची पोकळी जबड्यातल्या इतर गाठींत, म्हणजे मिक्सोमात आणि जायंट सेल ग्रॅन्युलोमातही दिसते. नुसत्या फुग्यांवर थांबू नका, पुढच्या गोष्टी बघा.

दातांची मुळं: अमेलोब्लास्टोमात मुळं सुरीने छाटल्यासारखी सरळ रेषेत झिजलेली असतात. हे दिसलं की संशय पक्का धरावा.

फुगवटा कुठल्या दिशेला: ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट, म्हणजे दाताच्या पेशींतूनच होणारी एक सिस्ट, जबड्याच्या लांबीने, पोकळ जागेतून पुढे-मागे सरकते आणि रुंदी फारशी वाढवत नाही. दाढेपासून रॅमसपर्यंत लांबलचक पोकळी, पण बाहेर सूज जेमतेम, असं असेल तर केराटोसिस्टकडे झुका. तेवढ्याच लांबीत हाड दोन्हीकडे फुगलं असेल तर अमेलोब्लास्टोमाकडे.

आतले पडदे: मिक्सोमात ते सरळ आणि बारीक असतात, टेनिस रॅकेटच्या जाळीसारखे एकमेकांना काटकोनात छेदणारे. अमेलोब्लास्टोमात जाडसर आणि वळणदार.

जागा: पहिल्या दाढेच्या पुढे, मधली रेषा ओलांडणारी, तरुण रुग्णातली पोकळी असेल तर जायंट सेल ग्रॅन्युलोमा आठवा. त्यात बायोप्सीबरोबर रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. हायपरपॅराथायरॉइडमधला ब्राउन ट्यूमर सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तसाच दिसतो. तिथे जबडा कापणं ही भयंकर चूक ठरेल, कारण दुखणं मानेतल्या ग्रंथीत आहे.

एक प्रकार फसवतो: डेस्मोप्लास्टिक. हा बहुधा पुढच्या दातांच्या भागात येतो, काळ्या-पांढऱ्या मिश्र छटेचा असतो, कडा धूसर असतात. रिपोर्टात त्याला हाडाचा तंतुमय विकार म्हटलं जातं आणि 'नजर ठेवू' म्हणून वर्षं जातात.

पुढची पायरी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे. जिभेकडचं हाड फाटलंय का आणि नसेचा कालवा कुठे ढकललाय हे त्यात चांगलं कळतं, मऊ भाग मात्र कळत नाही. हाड फाटलेलं असेल किंवा गाठ वरच्या जबड्यात असेल तर रंगद्रव्य देऊन सीटी, गरजेप्रमाणे एमआरआय. वरच्या जबड्याचं हाड पातळ असतं, तिथून गाठ सायनस, डोळ्याची खोबण आणि कवटीच्या तळापर्यंत जाऊ शकते. तिथे ओपीजीवर विसंबणं धोक्याचं. शस्त्रक्रियेचं नियोजन संगणकावर करायचं असेल तर सीटीचे काप १ मिमी किंवा त्याहून पातळ मागा आणि फिल्मऐवजी मूळ डायकॉम फाइल घ्या. फिल्मवरून मॉडेल छापता येत नाही.

---

नवा दवाखाना

दोघांचेही आभार. एक विचारायचं होतं. सुईने पाणी काढून बघणं साध्या दंत दवाखान्यात करावं का? आणि त्यातून कितपत कळतं?

---

तिरपी अक्कलदाढ

करता येतं, आणि हाडातल्या कुठल्याही मोठ्या काळ्या पोकळीची बायोप्सी करण्याआधी ते झालंच पाहिजे. मुख्य हेतू एकच: आत रक्तवाहिन्यांचं जाळं नाही ना, हे बघणं.

नसेचा ब्लॉक देऊन तो भाग बधिर करा. १८ गेजची सुई, ५ किंवा १० मिलीची सिरिंज. जिथे हाड सगळ्यात पातळ लागतं तिथून हिरडीतून आत जा आणि दट्ट्या हळू ओढा. काडीच्या रंगाचं पाणी आलं, उजेडात धरल्यावर त्यात चमचमणारे कण दिसले, तर ते कोलेस्टेरॉल. सिस्टमध्ये येतं तसं पाण्याने भरलेल्या अमेलोब्लास्टोमातही येतं, त्यामुळे यावरून 'सिस्टच आहे' असं ठरवू नका. दह्यासारखा पांढरा घट्ट साका आला तर केराटोसिस्ट. काहीच आलं नाही तर गाठ भरीव असण्याची शक्यता जास्त. आणि लालभडक रक्त येऊन सिरिंजचा दट्ट्या आपोआप मागे सरकू लागला तर तिथेच थांबा. सुई काढून बोटाने घट्ट दाबून धरा, बायोप्सीचा विषय बंद, दातालाही हात लावायचा नाही. रुग्णाला थेट अँजिओग्राफीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात पाठवा. अशा जबड्यातून एक हलता दात उपटला तरी रक्तस्राव जीव घेऊ शकतो.

काढलेलं पाणीही फेकू नका, पॅथॉलॉजीला पाठवा.

बायोप्सी स्वतः केलीच पाहिजे असं नाही. चांगली ओपीजी, थंड चाचणीची नोंद आणि 'दात काढलेला नाही, खरवडलेलं नाही' असं लिहिलेली चिठ्ठी घेऊन रुग्ण पुढे आला तर अर्धं काम झालेलं असतं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे शल्यचिकित्सा आणि ओरल पॅथॉलॉजी हे दोन्ही विभाग एकाच छताखाली आहेत. स्लाइड बघणारा आणि कापणारा एकमेकांशी बोलू शकतात, ही मोठीच सोय.

---

गुलाबी स्लाइड (ओरल पॅथॉलॉजी)

बायोप्सीचा तुकडा कसा येतो यावर रिपोर्टचा दर्जा ठरतो, म्हणून जरा सविस्तर.

हाडाला साधारण १ सेंमीची खिडकी करून आतल्या अस्तराचा आणि जिथे सीटीत भरीव भाग दिसतो तिथला तुकडा घ्या. नुसतं पातळ अस्तर पाठवलं तर रिपोर्ट 'सिस्ट' असा येण्याची शक्यता खूप. जिथे आधी फोड फुटलेला, पू झालेला असेल तिथून घेऊ नका. सूज आलेल्या भागात पेशींची खूण पुसली जाते आणि आम्हाला फक्त 'सुजलेलं अस्तर' दिसतं. तुकडा दातेरी चिमट्याने चिरडू नका, भुलीचं इंजेक्शन थेट त्यातच देऊ नका. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन, तुकड्याच्या निदान दहापट. सलाईनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये आलेला तुकडा बघून वाईट वाटतं, कारण रुग्णाला पुन्हा भूल आणि पुन्हा चिरा. आणि फॉर्मबरोबर ओपीजी जोडाच. जबड्याच्या हाडाच्या गाठीत क्षकिरण चित्र न बघता दिलेला रिपोर्ट अर्धवट असतो. फायब्रस डिस्प्लेसिया आणि ऑसिफाइंग फायब्रोमा यांच्या स्लाइड जवळपास सारख्या दिसू शकतात. पहिल्याची कड हाडात विरघळलेली, दुसऱ्याची स्पष्ट, हा फरक चित्रातच दिसतो, आणि दोघांचे उपचार वेगळे आहेत.

तुकड्यात हाड असेल तर आम्लात ठेवून मऊ करावं लागतं. त्याला काही दिवस, कधी दोन आठवडेही जातात. घाई करून तीव्र आम्ल वापरलं तर पेशींचा रंग नीट चढत नाही. म्हणून 'रिपोर्ट उद्या द्या' म्हणू नका.

स्लाइडवर काय बघतो: गुलाबी तंतुमय भागात पेशींची बेटं. प्रत्येक बेटाच्या कडेला उंच पेशींची एक रांग, कुंपणाच्या खांबांसारखी. या पेशींचं गडद केंद्रक तळाशी न बसता आतल्या टोकाला सरकलेलं असतं आणि तळाशी एक फिकट मोकळी जागा राहते. बेटाच्या मध्यभागी सैल, चांदणीसारख्या पेशी. केंद्रक उलट्या टोकाला सरकणं ही ती खूण, व्हिकर्स आणि गॉर्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली, आणि आजही पहिली नजर तिच्यावरच जाते. फॉलिक्युलर, प्लेक्सिफॉर्म, ग्रॅन्युलर वगैरे नावं रिपोर्टात असतात, पण त्यावरून शस्त्रक्रिया बदलत नाही. बदलते ती एका गोष्टीने: गाठ नेहमीची आहे की युनिसिस्टिक (एकाच पिशवीची), आणि युनिसिस्टिक असेल तर पेशी भिंतीत शिरल्यात का.

नावांबद्दल एक टीप. जुन्या रिपोर्टात 'सॉलिड/मल्टिसिस्टिक' असं असेल तर २०१७ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यालाच फक्त अमेलोब्लास्टोमा म्हटलं, आणि २०२२ च्या वर्गीकरणात 'कन्व्हेन्शनल' म्हणजे नेहमीचा अमेलोब्लास्टोमा. २०१७ मध्येच केराटोसिस्ट पुन्हा सिस्टच्या यादीत गेली. २००५ मध्ये तिला गाठ ठरवून वेगळं नाव दिलं होतं. जुने कागद वाचताना हा घोळ होतो.

---

नवा दवाखाना

म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलात, अक्कलदाढेभोवती एकच गोल पोकळी, रिपोर्ट 'युनिसिस्टिक, ल्युमिनल'. इथेही जबडा कापायचा?

---

गुलाबी स्लाइड

नाही. ल्युमिनल म्हणजे पेशी फक्त आतल्या अस्तरात, इंट्राल्युमिनल म्हणजे अस्तरातून पोकळीत वाढलेल्या. या दोन्हींत पूर्ण अस्तर सोलून काढणं पुरतं. म्युरल म्हणजे पेशी भिंतीत शिरलेल्या, तिथे नेहमीच्या अमेलोब्लास्टोमासारखं वागावं.

अडचण अशी की बायोप्सीचा एक तुकडा सगळ्या भिंतीबद्दल बोलू शकत नाही. तुकड्यात ल्युमिनल आणि पूर्ण पिशवी आल्यावर एका कोपऱ्यात म्युरल, असं होतं. म्हणून अंतिम निदान पूर्ण पिशवी काढून, तिचे अनेक काप घेतल्यावरच. हे आई-वडिलांना शस्त्रक्रियेच्या आधी सांगून ठेवा: 'पिशवी तपासल्यावर दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते.' नंतर सांगितलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

---

तिरपी अक्कलदाढ

यात भर. पोकळी फार मोठी आणि मूल वाढीच्या वयातलं असेल तर आधी तोंडात खिडकी करून, नळी किंवा ऑब्ट्युरेटर (खिडकी उघडी ठेवणारं बूच) बसवून दाब कमी करावा. रोज सलाईनने धुवायला घरच्यांना शिकवायचं. काही महिन्यांत हाड भरत येतं, नस दूर सरकते, मग उरलेलं अस्तर काढायचं. धुणं थांबलं की खिडकी मिटते आणि सगळं पहिल्यापासून. हेच बहुतेक वेळा बिघडतं.

अस्तर काढल्यावर उरलेल्या पेशी जाळायला हाडाच्या पृष्ठभागाला कार्नॉय द्रावण लावतात: ६ मिली ॲब्सोल्युट अल्कोहोल, ३ मिली क्लोरोफॉर्म, १ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, १ ग्रॅम फेरिक क्लोराइड. क्लोरोफॉर्ममुळे आता बरेच जण ते वगळून केलेलं सुधारित द्रावण वापरतात. रिबन गॉज भिजवून ३ ते ५ मिनिटं, मग भरपूर सलाईनने धुणं. कडेची हिरडी आणि ओठ व्हॅसलीन लावलेल्या गॉजने झाका. नस उघडी पडली असेल तर तिच्यावर अजिबात नको, ओठ कायमचा बधिर होऊ शकतो. त्याच बैठकीत हाडाची कलमही भरू नका, पृष्ठभाग जळलेला असतो.

---

हळू हात

थोडं दुसऱ्या बाजूने. खरवडून वर कार्नॉय लावणं, गरज पडली तर पुन्हा खरवडणं, असं नेहमीच्या अमेलोब्लास्टोमातही करता येत नाही का? पंचविशीतल्या मुलीचा अर्धा जबडा काढायचा, ओठ बधिर करायचा, पायाचं हाड घ्यायचं. गाठ साधी असताना हे फार होतं असं वाटतं.

---

तिरपी अक्कलदाढ

प्रश्न योग्य आहे आणि रुग्णही हेच विचारतो, म्हणून नीट उत्तर देतो.

युनिसिस्टिकमध्ये तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. २००६ च्या एका एकत्रित आढाव्यात युनिसिस्टिक नुसती सोलून काढल्यावर सुमारे ३० टक्के परत आल्या, कार्नॉय लावल्यावर १६ टक्के, हाड कापून काढल्यावर ३.६ टक्के. मुलात १६ टक्क्यांचा धोका पत्करून जबडा वाचवणं समजण्यासारखं आहे.

नेहमीच्या अमेलोब्लास्टोमात तसं नाही. चित्रात जिथे गाठ संपल्यासारखी दिसते तिच्यापुढे पेशी हाडाच्या जाळीत २ ते ८ मिमी, सरासरी ४.५ मिमी गेलेल्या असतात. क्युरेट जिथे 'कडक हाड लागलं' म्हणून थांबतो त्याच्या पलीकडे गाठ आहे. द्रावण जेमतेम दीड मिलीमीटर आत जातं. नुसतं खरवडल्यावर निम्म्याहून अधिक गाठी परत येतात, काही रुग्णांच्या अभ्यासांत याहून बऱ्याच. आणि परत आलेली गाठ एकाच जागी नसते. जुन्या चिऱ्याखालच्या मऊ भागात, प्लेटच्या स्क्रूशेजारी, हिरडीत, अशी विखुरलेली असते. पहिल्या वेळी १ सेंमी जास्तीचं हाड गेलं असतं, तिथे दुसऱ्या वेळी सांधा जातो. वरच्या जबड्यात परत आलेली गाठ कवटीच्या तळाशी पोचली तर हातात फार काही उरत नाही.

त्यामुळे नियम: चित्रातल्या कडेपासून १ ते १.५ सेंमी निरोगी हाड, आणि हाड फाटलं असेल तिथे त्यावरचा एक न बिघडलेला थर. गाठीचा खालचा काठ धरून हे अंतर सोडल्यावरही जबड्याची खालची कड निदान १ सेंमी उंचीची उरत असेल तर ती ठेवून वरचा भाग काढता येतो, जबडा अखंड राहतो. सगळ्यांचा अर्धा जबडा जातो हा समज चुकीचा आहे. पण ०.५ सेंमीची कड वाचवल्याचं समाधान काही महिन्यांचं असतं. रुग्ण चावायला लागतो आणि ती मोडते.

---

हळू हात

४.५ मिमीचा मुद्दा पटला. मऊ भागात विखुरण्याचाही. मागे घेतो, युनिसिस्टिकपुरतं ठेवतो.

---

तिरपी अक्कलदाढ

शस्त्रक्रियेतल्या, राहून जाणाऱ्या काही गोष्टी:

दात जुळणं आधी बांधा. भुलीची नळी नाकातून, आर्च बार (दातांना बांधायची धातूची पट्टी) लावून दोन्ही जबडे तारेने जुळवलेले. २.४ मिमी सिस्टिमची रिकन्स्ट्रक्शन प्लेट कापण्याआधी हाडावर बसवून भोकं पाडून ठेवायची, मग प्लेट काढून गाठ कापायची आणि त्याच भोकांत परत बसवायची. दोन्ही उरलेल्या टोकांना प्रत्येकी किमान ३ स्क्रू, दोन्ही कॉर्टेक्स (हाडाचे बाहेरचे कडक थर) पकडणारे. गाठ बाहेर फुगली असेल तर प्लेट हाडाला टेकतच नाही. तेव्हा सीटीवरून छापलेल्या मॉडेलवरचा फुगवटा घासून मूळ आकार आणायचा आणि त्यावर प्लेट आदल्या दिवशी वाकवायची. टेबलावर पाच-सहा वेळा वाकवून-सरळ करून बसवलेली प्लेट त्याच जागी तुटते.

हाडाचं मार्जिन टेबलावर कसं बघायचं? कडक हाडाचा फ्रोझन सेक्शन (तुकडा गोठवून शस्त्रक्रियेदरम्यानच तपासणं) होत नाही. काढलेला तुकडा सी-आर्मखाली (थिएटरातल्या एक्स-रे यंत्राखाली) ठेवून चित्र घ्या आणि गाठीच्या कडेपासून कापापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. दोन मिनिटांचं काम आहे. कुठे ६-७ मिमी दिसलं तर तिथेच आणखी काप घेता येतो. त्यासोबत उरलेल्या दोन्ही टोकांतला मगज खरवडून फ्रोझनला द्या, तो मऊ असतो, होतो. तुकड्याला पुढची, मागची, जिभेकडची अशी दोऱ्याने खूण करून पाठवा. पॅथॉलॉजिस्टने कोणत्या कडेबद्दल लिहिलंय हे नाहीतर कुणालाच कळत नाही.

हनुवटीचा भाग जात असेल तर जीभ पुढे धरणारे स्नायू सुटतात आणि ती मागे पडून श्वास अडतो. स्नायू प्लेटला टाक्यांनी बांधा, जिभेला एक दोरा बाहेर ठेवा, नळी घाईने काढू नका.

नुसती प्लेट लावून हाड 'नंतर' भरू म्हणणं टाळावं. ते नंतर राहून जातं. प्लेट एकटी रोज चावण्याचा भार घेत राहते आणि तुटते किंवा गालातून, हिरडीतून बाहेर दिसू लागते. उणीव ५-६ सेंमीपर्यंत आणि तोंडाशी उघडी नसेल तर कंबरेच्या हाडाचं कलम चालतं. त्याहून मोठी, हनुवटी ओलांडणारी किंवा तोंडात उघडलेली असेल तर पायातल्या फिब्युलाचं रक्तवाहिनीसकट रोपण. कलमाला लाळ लागली की ते सडतं. फिब्युलाला स्वतःचं रक्त असतं, म्हणून ते टिकतं.

---

रातराणी

माफ करा, मी डॉक्टर नाही. घरात एकाला हेच सांगितलंय. पायाचं हाड काढल्यावर चालता येतं का? आणि खर्चाचं कुठे विचारायचं?

---

तिरपी अक्कलदाढ

ताई, माफी कसली, विचारा.

चालता येतं. शरीराचा भार नडगीचं जाड हाड, टिबिया, घेतं. फिब्युला बाहेरच्या बाजूचं बारीक हाड आहे. घोट्याजवळचा ६ ते ८ सेंमी भाग ठेवतात म्हणून घोटा डळमळत नाही, आणि गुडघ्याजवळचा भागही ठेवतात, कारण तिथून पाऊल उचलणारी नस जाते. सुरुवातीला अंगठा वाकवायला कमजोर वाटतो, व्यायामाने बराच सुधारतो. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: पायाच्या रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी झाली का, कारण काहींच्या पावलाचा रक्तपुरवठा मुख्यतः फिब्युलासोबत काढल्या जाणाऱ्या रोहिणीवरच असतो. आणि दुसरं, पहिले २४ तास दर तासाला रोपण कोण तपासणार. शीर तुंबली तर लवकर कळलं तरच रोपण वाचतं. घरी तंबाखू, बिडी असेल तर आजपासून बंद, रोपण फसण्याचं ते एक मोठं कारण आहे.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. ओळखपत्र, रेशनकार्ड, सीटी आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन भरती होण्याआधी भेटा. मंजुरी आधी लागते.

---

बत्तीस दात (प्रोस्थोडॉन्टिक्स, म्हणजे कृत्रिम दात)

रातराणीताईंसाठी आणि सर्जनसाठीही: दातांचा विचार हाड बसवताना व्हायला हवा, टाके निघाल्यावर नव्हे.

फिब्युलाची उंची साधारण १२ ते १५ मिमी, दात असलेला जबडा त्याच्या दुपटीच्या आसपास. खालच्या कडेला जुळवून बसवलं तर चेहरा छान दिसतो, पण रोपण खोल राहतं आणि त्यावरचा कृत्रिम दात इतका लांब करावा लागतो की तरफेच्या भाराने स्क्रू सैल होतात, इम्प्लांटभोवतीचं (दाताच्या कृत्रिम मुळाभोवतीचं) हाड झिजतं. उपाय दोन: फिब्युला दुहेरी घडी करून एकावर एक, किंवा खालच्या कडेपेक्षा साधारण १ सेंमी वर बसवणं. त्याचबरोबर जिभेकडे-गालाकडे किती, हे वरच्या दातांवरून ठरवा. फिब्युला गालाकडे सरकला तर इम्प्लांट दाताच्या रांगेबाहेर येतात आणि ते नंतर सुधारता येत नाही. घडी घालायचे तुकडे २ सेंमीपेक्षा लहान नकोत, रक्तपुरवठा तुटतो.

इम्प्लांट साधारण सहा महिन्यांनी. पायाची जाड कातडी तोंडात आलेली असते, इम्प्लांटभोवती ती हलते आणि सुजत राहते. आधी ती पातळ करून टाळूची त्वचा लावून घ्या. तोपर्यंत तोंड उघडण्याचे व्यायाम रोज, नाहीतर माप घ्यायचा ट्रेही आत जात नाही.

---

गुलाबी स्लाइड

औषधांबद्दल विचारणा येतेच, म्हणून लिहून ठेवते. खालच्या जबड्यातल्या बऱ्याच अमेलोब्लास्टोमात बीआरएएफ व्ही६००ई हा जनुकीय बदल असतो, वरच्या जबड्यात एसएमओचा जास्त. हे २०१४ मध्ये समोर आलं. व्हीई१ रंगाने स्लाइडवर तो शोधता येतो. डॅब्राफेनिबसारख्या गोळ्यांनी गाठ आकसल्याची उदाहरणं आहेत, पण आज त्यांची जागा कापता न येणाऱ्या किंवा दूर पसरलेल्या गाठीत आहे. कापता येणाऱ्या गाठीत शस्त्रक्रिया पुढे ढकलायला त्या वापरू नयेत. बायोप्सीच्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक मात्र जपून ठेवायला सांगा, पुढे हीच चाचणी लागू शकते.

---

राखाडी छटा

नंतरच्या तपासणीचं राहिलं. पहिली ओपीजी शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरातच काढा, पुढच्या सगळ्या चित्रांची तुलना तिच्याशी होते. ती नसेल तर दोन वर्षांनी स्क्रूभोवती दिसणारी काळी कड नवी आहे की पहिल्यापासूनची, हे कुणी सांगू शकत नाही. पहिली पाच वर्षं दर सहा महिन्यांनी, मग दरवर्षी. परतणाऱ्या गाठींपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या पाच वर्षांत दिसतात, पण दहा वर्षांनंतरही येतात, त्यामुळे तपासणी आयुष्यभर. प्लेटच्या धातूमुळे सीबीसीटीत पट्टे येतात, म्हणून संशय असेल तर धातूचे पट्टे कमी करणाऱ्या पद्धतीने सीटी मागा. आणि चित्र स्वच्छ असलं तरी हिरडी आणि जुना चिरा बोटाने चाचपा. मऊ भागात परतलेली छोटी गाठ ओपीजीत दिसत नाही, बोटाला वाटाण्याएवढी लागते.

---

नवा दवाखाना

ओपीजीच्या फाइलवर तारीख आणि 'शस्त्रक्रियेनंतरची पहिली' असं लिहून रुग्णाच्या फोनमध्येही एक प्रत देतो. शहर बदललं तरी त्यांच्याजवळ राहील.

---

राखाडी छटा

हो, पण फोनने काढलेला फिल्मचा फोटो नको. मूळ फाइल द्या, आणि सोबत स्लाइडच्या रिपोर्टची प्रत.